एमबीएला नक्की शिकवतात काय? (आणि पोरीला घालू का नको)

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. शेजारच्या फाउंड्रीतनं कास्टिंग घ्यायचं, मशिनिंग करायचं आणि पुण्याकडं पंप-ट्रॅक्टरवाल्या कंपन्यांना पाठवायचं. बावीस माणसं. ऑफिस म्हणजे मी, आमचे अकाउंटंट काका आणि टॅली. काका आता बस झालं म्हणतायत, म्हणून ठरवलं यावेळी जरा शिकलेला माणूस घेऊ. "एमबीए फायनान्स किंवा मार्केटिंग" अशी जाहिरात टाकली. अकरा अर्ज आले, सात जण प्रत्यक्ष आले.

सगळ्यांना एकच गणित घातलं. १० एप्रिलला दहा लाखाचं बिल केलं, वर १८ टक्के जीएसटी. गिऱ्हाईक पैसे देणार नव्वद दिवसांनी. तर त्या एक लाख ऐंशी हजाराचा हिशोब सरकारला कधी द्यायचा आणि तोवर पैसे आणायचे कुठनं?

पाच जण म्हणाले, गिऱ्हाइकाचे आले की भरू. अहो २० मेला भरायचे असतात, खरेदीवरचं क्रेडिट वजा करून का असेना, पण स्वतःच्या खिशातनं. एक जण गप्प बसला. सातवा म्हणाला, "सर, मी कस्टमरबरोबर लाँग टर्म रिलेशनशिप बिल्ड करीन." म्हटलं बाळा, रिलेशनशिप पंधरा वर्षांची आहे, पैसे तरी नव्वद दिवसांनीच येतात.

मग दुसरं. शंभर नग पाठवले, सात रिजेक्ट होऊन परत आले. त्यातले चार ब्लोहोलचे (ओतताना धातूत राहिलेली पोकळी), म्हणजे फाउंड्रीची चूक. तीन बोअर (आतलं भोक) मोठं झालेले, म्हणजे आमची. आता कागद कुठले कुठले होणार? डेबिट नोट (परत आलेल्या मालाचे पैसे समोरच्याच्या नावे टाकायचा कागद) हा शब्दच चौघांनी ऐकला नव्हता. बायोडेटावर मात्र सगळ्यांच्या "स्ट्रॅटेजिक थिंकिंग".

आता खरा प्रश्न. थोरली मेकॅनिकल इंजिनिअर आहे, पुण्यात एका कंपनीत वर्षभर नोकरी करतेय, आणि आता एमबीए करायचं म्हणते. सीईटीचा स्कोअर बरा आहे. कॅप राउंडचा (प्रवेशाच्या सरकारी फेरीचा) ऑप्शन फॉर्म गुरुवारपर्यंत भरायचाय. फी आणि पुण्यातलं राहणं धरून दोन वर्षांचे आठ-नऊ लाख जातील. मी म्हटलं तेवढ्यात एक जुनं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशिनिंगचं मशीन) येतंय. ती म्हणते, "बाबा, व्हीएमसी बोलत नाही." बायको तिच्या बाजूला. काय करू?

चहाबाज

व्हीएमसी बोलत नाही पण उलट उत्तरही देत नाही. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लेजरबहाद्दर

सीए आहे, त्यामुळे तुमचं गणित वाचून डोळ्यात पाणी आलं.

जरा भर घालतो. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केली असेल तर २००६ च्या कायद्याने गिऱ्हाइकाने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५. उशीर झाला की बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही चक्रवाढ. आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकरात ४३बी(एच) कलम आलं, मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. म्हणजे "नव्वद दिवस" हे मुळात कायद्यातच बसत नाही. हे एकातरी एमबीएवाल्याने म्हणायला हवं होतं, मी त्याला जागच्या जागी घेतला असता.

शिरोलीकर

साहेब कायदा माहीत आहे. थकलेल्या पैशांच्या तक्रारीचं सरकारी समाधान पोर्टल आहे, तिथं अर्ज टाकायचा आणि पुढच्या महिन्याचं ऑर्डरचं शेड्यूल शून्य झालेलं बघायचं. आमच्या ओळीतल्या एकानं टाकला होता. पैसे व्याजासकट मिळाले, ऑर्डर मात्र गेली ती गेलीच.

लेजरबहाद्दर

हम्म. तेही खरंय.

वर्षा_परभणी

काका, राग मानू नका पण एक विचारते. पगार किती देणार होता?

शिरोलीकर

सोळा हजार. प्रोबेशन झाल्यावर अठरा.

वर्षा_परभणी

वाटलंच.

आता माझी बाजू ऐका. मी परभणीची, बीकॉम करून पुण्यात एमबीए एचआर केलं, २०१९ ला पास. फी अर्धी स्कॉलरशिपमधून म्हणजे शाहू महाराज योजनेतून आणि उरलेलं कर्ज. कॉलेजच्या बोर्डावर "शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स" असं होतं, त्यातला असिस्टन्स हा शब्द बारीक अक्षरात. समर इंटर्नशिपला आम्हाला साठ दिवस एका ब्रोकिंगवाल्याकडे पाठवलं, काम काय तर डीमॅट अकाउंट उघडून आणायचे. एचआरवाल्या मुली पण तेच करत होत्या. नातेवाईक, खोलीमालक, मेसच्या काकू, सगळ्यांचे अकाउंट उघडले, काकूंना अजून स्टेटमेंट येतं आणि त्या मला फोन करतात. मग त्याचाच रिपोर्ट लिहायचा, विषय गाइड सरांनी दिला "रिक्रूटमेंट प्रोसेसचा अभ्यास", ज्या कंपनीची रिक्रूटमेंट प्रोसेस मी बघितलीच नव्हती. सीनियरचा रिपोर्ट, कंपनीचं नाव बदललं, एका ठिकाणी जुनंच राहिलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. बाइंडिंगचे तीनशे रुपये. सोनेरी अक्षरात माझं नाव.

प्लेसमेंटला इन्शुरन्सचं सेल्स आलं. पहिल्याच महिन्यात टार्गेट.

आता तुम्ही म्हणता पोरांना डेबिट नोट माहीत नाही. नाहीच माहीत. आम्हाला दाखवली कुणी? आणि सोळा हजारात ज्याला डेबिट नोट येते तो तुमच्याकडे का येईल हो? तो भोसरीत तीस घेतोय. तुम्हाला शिकलेला माणूस हवाय आणि शिकवायचा खर्च दुसऱ्याने करायला हवाय. कॉलेज म्हणतं कंपनी शिकवेल, कंपनी म्हणते कॉलेजने का नाही शिकवलं, मधल्या मधे कर्जाचे हप्ते कोण भरतं तर आम्ही.

गोंधळमावशी

वर्षा, उभं राहून टाळ्या. मेसच्या काकूंचं वाचून हसून हसून पुरेवाट.

बंब

+१ वर्षाताई

चर्चगेट_फास्ट

एकाच शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतायत इथे. आयआयएमचं एमबीए, मुंबईच्या जमनालाल बजाजचं, पुणे विद्यापीठातल्या पुम्बाचं आणि हायवेला शेतात काचेची इमारत दिसते तिथलं. पाटी एक, माल वेगळा.

मी वरच्या गटातल्या एका ठिकाणी शिकलो, नाव सांगत नाही. प्रामाणिकपणे सांगतो, दोन वर्षांत जे शिकलो त्यातलं नव्वद टक्के सहा महिन्यांत वाचून झालं असतं. कंपन्या तिथे सिलॅबस बघून येत नाहीत, प्रवेश परीक्षेची चाळणी बघून येतात. अडीच लाखातून निवडलेली पोरं एका आवारात आयती मिळतात, एवढंच. गंमत म्हणजे २०१७ चा कायदा होईपर्यंत आयआयएम पदवी देतच नव्हत्या, डिप्लोमा द्यायच्या. पन्नास वर्षं त्या डिप्लोमावर लोक सीईओ झाले, कुणी विचारलं नाही की डिग्री कुठाय.

अडचण ही की खालच्या कॉलेजांनी सिलॅबसची नक्कल केली, चाळणीची नक्कल करता येत नाही. मग राहिलं काय, तर तेच स्पर्धेचे फाइव्ह फोर्सेस, तेच बीसीजीचं गाय-कुत्रा कोष्टक, आणि समोर साठातली बावीस पोरं.

चहाबाज

गाय-कुत्रा कोष्टक म्हणजे काय? गोठ्यासाठी असतं का?

चर्चगेट_फास्ट

जवळपास. कंपनीचे धंदे चार खणांत टाकायचे. दुभती गाय, तारा, प्रश्नचिन्ह आणि कुत्रा. १९७० च्या आसपास अमेरिकन सल्लागारांनी काढलं, अवाढव्य कंपन्यांसाठी, ज्यांचे वीस-वीस धंदे होते. शिरोलीकरांना एकच धंदा आहे, तो एकाच वेळी गायही आहे आणि कुत्राही.

शिरोलीकर

आणि प्रश्नचिन्ह पण. दर महिन्याच्या सात तारखेला, पगाराच्या दिवशी.

तिरकस_मास्तर

बारा वर्षं एमबीएला शिकवलं, तीन कॉलेजं बदलली, गेल्या वर्षी सोडलं. त्यामुळे आता बोलायला मोकळा आहे.

मी ऑपरेशन्स मॅनेजमेंट शिकवायचो. कारखान्यात एक दिवस नोकरी केलेली नाही. एमबीए, नेट, पीएचडी, लेक्चरर. यात माझी लबाडी नाही, नियमच तसा. २०१० ला यूजीसीने एपीआय आणला, म्हणजे पेपर छापा, गुण मिळवा, बढती घ्या. मग पैसे घेऊन छापणारी जर्नलं कुत्र्याच्या छत्रीसारखी उगवली. ती गाळायला मान्य जर्नलांची केअर यादी काढली, तिचं ऑफिस आपल्या पुणे विद्यापीठातच होतं. माझे चौदा पेपर आहेत. एकाचा विषय "निवडक किरकोळ विक्रेत्यांच्या समाधानाचा अभ्यास", शंभर प्रश्नावल्या. त्यातल्या दुकानदारांनी किती भरल्या आणि हॉस्टेलच्या गच्चीवर किती भरल्या गेल्या ते विचारू नका. शिरोलीसारख्या ठिकाणी महिनाभर बसून रिजेक्शन का होतंय हे बघितलं असतं तर मला शून्य गुण मिळाले असते.

पगाराचं पण सांगतो. एका ठिकाणी खात्यात पूर्ण पगार यायचा, नियमाप्रमाणे, आणि पाच तारखेला त्यातला तिसरा हिस्सा ऑफिसात रोख नेऊन द्यायचा. असे पैसे मोजून आल्यावर दुपारी दोनला "कॉर्पोरेट गव्हर्नन्स" शिकवायचो.

पण एक गोष्ट तुम्हा सगळ्यांच्या विरोधात. "इंडस्ट्रीला हवं ते शिकवा" हे ऐकायला सोपं आहे. १९५९ ला अमेरिकेत फोर्ड फाउंडेशन आणि कार्नेगी कॉर्पोरेशन यांचे दोन अहवाल आले, त्यात तक्रार बरोब्बर उलटी होती. बिझनेस स्कूल म्हणजे नुसती कारकुनी शिकवणारी दुकानं झालीत, अभ्यास कच्चा, मास्तर कच्चे. म्हणून गणित, अर्थशास्त्र, संशोधन आणलं. आपली कलकत्ता आणि अहमदाबादची आयआयएम १९६१ ची, त्याच लाटेतली, एक एमआयटीचा हात धरून आणि दुसरी हार्वर्डचा. मग २००५ ला बेनिस आणि ओटूल या दोन प्राध्यापकांनी हार्वर्डच्याच मासिकात लिहिलं की संशोधनाच्या नादात धंदा कसा चालतो हेच मास्तर विसरले. त्याच वर्षी आपल्या सुमंत्र घोषालांचा लेख आला, ते वारल्यानंतर, की आपण वर्गात शिकवलेले सिद्धांतच बाहेर नुकसान करतायत, पोरांना आधीच शिकवून ठेवतो की माणूस स्वार्थी आणि त्याच्यावर पाळत ठेवायची. म्हणजे तक्रार साठ वर्षांहून जुनी आहे, फक्त दर पिढीला कूस बदलते.

आणि समजा मी डेबिट नोट शिकवली. २०१७ ला जीएसटी आला, त्याआधी जी पोरं व्हॅट आणि एक्साइज घोकून बाहेर पडली त्यांचं सगळं एका रात्रीत रद्दी झालं. फॉर्म शिकवायचे की फॉर्म कशासाठी असतो ते?

लेजरबहाद्दर

मास्तर शेवटचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. फॉर्म बदलला तरी पैसे आधी जातात आणि नंतर येतात हे व्हॅटमध्येही होतं आणि आमच्या आजोबांच्या किराणा दुकानाच्या खतावणीतही होतं. पोरांना ते माहीत नाही. वर्किंग कॅपिटलचा फॉर्म्युला पाठ आहे, पण उधारी म्हणजे आपलेच पैसे दुसऱ्याच्या खिशात, हे पोटात गेलेलं नाही.

तिरकस_मास्तर

पोटात जायला स्वतःचे पैसे अडकावे लागतात. केस स्टडीत ते होत नाही. केसमध्ये वीस पानांत सगळी माहिती आयती असते आणि तुम्ही थेट सीईओ. माझ्या तेवीस वर्षांच्या पोरांनी दोन वर्षांत पन्नास-साठ कंपन्यांची सीईओगिरी केली, सुपरवायझरगिरी एकाच्याही वाट्याला आली नाही.

बंब

असोचेमनेच २०१६ ला सांगितलं होतं ना, पहिली वीस कॉलेजं सोडली तर फक्त ७ टक्के एमबीए नोकरीच्या लायकीचे. विषय संपला. हाय काय नाय काय.

वर्षा_परभणी

लायकी कुणी ठरवली, कंपन्यांच्याच संघटनेने ना? त्याच कंपन्या ज्या इंटर्नला डीमॅट उघडायला लावतात.

चहाबाज

शिरोलीकरांकडे सातात एक बरा निघाला, म्हणजे १४ टक्के. असोचेमच्या दुप्पट. कोल्हापूरचा नादच खुळा!

शिरोलीकर

बरा कुठला, तो तर गप्प बसला होता.

गोंधळमावशी

गप्प बसला तोच बरा. बाकीच्यांनी ठोकून दिलं. मी एका बँकेत अठ्ठावीस वर्षं काढली, माहीत नसताना बोलणाऱ्या ऑफिसरनी जेवढी कर्जं बुडवली तेवढी चोरांनी नाही बुडवली. त्याला परत बोलवा हो शिरोलीकर भाऊ.

आणंदकर

जरा वेगळा अनुभव देते. मी आणंदच्या इर्माची, म्हणजे ग्रामीण व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेची. कुरियन यांनी १९७९ ला काढली, मुळात दूध संघांना मॅनेजर हवे होते आणि शहरातली शिकलेली पोरं खेड्यात टिकत नव्हती म्हणून. तिथे पहिल्याच वर्षी काही आठवडे गावात राहायला पाठवतात. राहायचं म्हणजे खरंच, कुणाच्या तरी घरी.

माझ्या गावात पहाटे साडेपाचला डेअरीवर रांग लागायची. मी वही घेऊन उभी. चौथ्या दिवशी लक्षात आलं की एक काकी सकाळचं दूध सोसायटीला घालते आणि संध्याकाळचं खाजगी गवळ्याला, आणि गवळी लिटरमागे दोन रुपये कमी देतो. माझ्या डोक्यात लगेच "अशिक्षित, दर माहीत नाहीत, जागृती करायला हवी". अर्धं प्रेझेंटेशन मनात तयार. मग एकदा तिच्याबरोबर चारा आणायला गेले तेव्हा सहज विचारलं. म्हणाली, सोसायटी दहा दिवसांनी पगार करते आणि फॅट बघून पैसे देते, छानच आहे. पण पोरीच्या लग्नाला गवळ्याने रात्री अकरा वाजता पंधरा हजार उचल दिली होती, सोसायटीचा सेक्रेटरी रात्री अकराला दार उघडत नाही. ते दोन रुपये म्हणजे तिचा व्याजाचा हप्ताही होता आणि पुढच्या वेळचा विमाही. कुठल्याही मार्केटिंगच्या पुस्तकात हे नव्हतं असं नाही म्हणणार मी, असेलही. पण मला ते त्या चाऱ्याच्या भाऱ्याखाली कळलं.

त्यानंतर वर्गात आले तेव्हा मात्र थिअरी भराभर डोक्यात शिरायला लागली, कारण टांगायला खुंटी होती. म्हणून मला वाटतं आधी अनुभव मग वर्ग असं हवं, आपल्याकडे नेमकं उलटं. शिरोलीकर, तुमची मुलगी वर्षभर नोकरी करून जातेय ना? मग ती बावीसाव्या वर्षी सरळ जाणाऱ्यापेक्षा दुप्पट घेऊन येईल.

चर्चगेट_फास्ट

क्या बात. कॅनडातले मॅनेजमेंटचे प्राध्यापक मिंट्झबर्ग हेच सांगतात, ज्याने कधी माणसं सांभाळली नाहीत त्याला वर्गात बसवून मॅनेजर करता येत नाही. जमनालालला पूर्वी संध्याकाळच्या लेक्चरला ऑफिस सुटल्यावर कंपनीतली माणसं शिकवायला यायची, टाय सैल करून, ती लेक्चरं लोकांना तीस वर्षांनी पण आठवतात. १९६५ ला स्टॅनफर्डच्या मदतीने निघालेली संस्था, पण नाव झालं ते चर्चगेटला चालत अंतरावर होती म्हणून असं माझं मत. मास्तर कंपनीतनं पाच मिनिटांत यायचे.

बंब

मग शेतातल्या काचेच्या इमारतीत कोण येणार शिकवायला? बैल?

तिरकस_मास्तर

यायचे की. "गेस्ट लेक्चर" असायचं. कुणीतरी व्हीपी यायचे, शाल-नारळ, "पॅशन फॉलो करा", डबेवाल्यांची स्लाइड, फोटो, जेवण.

गोंधळमावशी

डबेवाल्यांची स्लाइड कम्पल्सरी असते का हो? माझ्या मुलाच्या कॉलेजात पण होती. सिक्स सिग्मा, म्हणजे जवळजवळ चुकाच नाहीत, वगैरे.

चर्चगेट_फास्ट

ते सिक्स सिग्माचं प्रमाणपत्र कुणी दिलंच नव्हतं. १९९८ ला एका अमेरिकन मासिकात लेख आला आणि गोष्ट वाढत गेली. हार्वर्डने केस केली ते मात्र खरं आहे. पण आमच्या सरांनी प्रमाणपत्र परीक्षेत विचारलं होतं, दोन मार्कांना.

चहाबाज

डबेवाला मॅनेजमेंट शिकवायला जातो आणि मॅनेजमेंट शिकलेला डिलिव्हरी ॲपवर रायडरना रेटिंग देतो. कलियुग.

अवांतर: शिरोलीकर, शिरोली नाक्यावर मिसळ कुठली चांगली? पुढच्या महिन्यात येतोय.

शिरोलीकर

मिसळीचा वेगळा धागा काढा, इथं दंगा होईल. पण या, घरी करू.

श्टुटगार्टचा_श्री

इथे जर्मनीत आमच्या राज्यात "दुआल" पद्धत आहे, कारखान्यापुरती नाही, बिझनेसच्या पदवीलाही. तीन महिने कॉलेज, तीन महिने कंपनी, असं तीन वर्षं. १९७४ पासून चालू आहे. माझ्या टीममध्ये अशी एक मुलगी आहे, वीस वर्षांची. मागच्या टर्मला कॉस्टिंग शिकून आली आणि आमच्या एका पार्टचा ओव्हरहेड (वरखर्च) दोन ठिकाणी धरलाय हे तिने पकडलं. सहा जणांनी दोन वर्षं तो तक्ता पाहिला होता.

लेजरबहाद्दर

आणि तिला कॉलेजच्या तीन महिन्यांचा पगार कोण देतं?

श्टुटगार्टचा_श्री

कंपनीच. तीन वर्षं पूर्ण. निवड पण कंपनीच करते, आधी कंपनीशी करार मग प्रवेश.

वर्षा_परभणी

तिथेच मेख आहे. आपल्याकडे इंटर्न फुकट हवा, वर त्याच्याकडूनच गिऱ्हाइकं आणून घ्यायची.

गोंधळमावशी

आमच्या धाकट्याची गंमत सांगते. २०२४ पासून बीएमएस, बीबीए हे मॅनेजमेंटचे पदवी कोर्स एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) खाली आले आणि सीईटी लागली. तर मुंबईतल्या कित्येक कॉलेजांनी कोर्सचं नावच बदलून टाकलं, बीकॉम कंसात मॅनेजमेंट स्टडीज. सीईटी नको, काही नको. मास्तर तेच, बाकं तीच, फीची पावती नवीन. मी प्रिन्सिपलना विचारलं यात बदल काय, तर म्हणाले "नॉमेन्क्लेचर".

तिरकस_मास्तर

यालाच रीब्रँडिंग म्हणतात. मावशी, तुम्हाला प्रत्यक्ष उदाहरण मिळालं, त्याचे क्रेडिट मागून घ्या.

शिरोलीकर

मंडळी, अपडेट देतो. मावशींनी सांगितलं म्हणून त्या गप्प बसलेल्या पोराला फोन केला. गडहिंग्लजकडचा आहे. विचारलं, त्या दिवशी बोलला का नाहीस? म्हणाला, "माहीत नव्हतं सर. घरी जाऊन बघितलं, वीस तारखेला भरतात." म्हटलं ये.

चार दिवस टॅलीसमोर बसवला. थकबाकीची यादी काढायला सांगितली, साठ दिवसांच्या वरची. त्यात एकाच गिऱ्हाइकाची सात बिलं, मिळून चार लाख तीस हजार. आम्ही दोन महिने त्यांच्या अकाउंट्सला फोन करत होतो, तिकडनं एकच उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे". पोरगं म्हणालं मी जाऊन येऊ का? काकांबरोबर पाठवला एसटीनं. अकाउंट्सला गेलाच नाही, गेटवर गेला, आवक रजिस्टर बघितलं, माल आल्याची सही आहे. मग स्टोअरला गेला. तिथं कळलं की जीआरएनच (माल मिळाल्याची त्यांची नोंद) झालेला नाही, कारण मार्चमध्ये दर वाढवून मिळाला पण त्यांच्या सिस्टीममध्ये पीओ (खरेदीची ऑर्डर) जुन्याच दराची होती, बिल जुळत नाही म्हणून स्टोअरवाल्यानं सातही बिलं क्लिप लावून ट्रेमध्ये ठेवून दिलेली. परचेसच्या बाईंकडनं दुरुस्ती करून घेतली, संध्याकाळी सहापर्यंत तिथंच बसला. पैसे अजून आले नाहीत पण आता खरोखरच "प्रोसेसमध्ये" आहेत.

मी विचारलं हे तुला कसं सुचलं, कॉलेजात शिकवलं का? थोडा विचार करून म्हणाला, "ऑपरेशन्सच्या सरांनी सांगितलं होतं, माल कुठं अडलाय ते बघायचं असेल तर मालाबरोबर चालत जायचं. मी मालाऐवजी बिलाबरोबर गेलो."

त्याला बावीस हजार सांगितलेत. वर्षाताई, वाचताय ना?

वर्षा_परभणी

वाचतेय. आवडलं. बावीस कमीच आहेत अजून.

तिरकस_मास्तर

पोराला विचारा कुठलं कॉलेज आणि कुठले सर. नाव इथे नको, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बारा वर्षांत मी हे वाक्य निदान आठ बॅचना सांगितलंय, पुस्तकात वाचून.

बंब

मास्तर सेंटी झाले.

चहाबाज

काढलं का नाव?

शिरोलीकर

मास्तर, व्यनि केलाय.

शिरोलीकर

(बाबांच्या लॉगिनवरून मुलगी लिहितेय. सगळा धागा वाचला. व्हीएमसीचं बोलणं चव्हाट्यावर आणल्याबद्दल बाबांशी नंतर बोलते.)

मला एमबीए का करायचंय हे इथे कुणीच विचारलं नाही म्हणून सांगते. मी ज्या कंपनीत आहे तिथे शॉप फ्लोअरला क्वालिटीत आहे. सोर्सिंगमध्ये, म्हणजे खरेदीच्या बाजूला जायचंय. अंतर्गत जागा निघाली, अर्जात "पदव्युत्तर व्यवस्थापन पदवी" असा रकाना होता आणि तो रिकामा ठेवला की सिस्टीम फॉर्म पुढे जाऊच देत नाही. बॉस म्हणाले तुला काम येतं मला माहीत आहे, पण एचआरच्या यादीत नावच येणार नाही. माझ्याबरोबरच्या मुलाला काम येत नाही, रकाना भरलेला आहे. तो गेला. मला डेबिट नोट येते, बाबांनी आठवीत असताना लिहायला लावलीय, हस्ताक्षर चांगलं म्हणून.

तर मी शिकायला चाललेच नाहीये. तो रकाना भरायला चाललेय. आणंदकर मॅडम म्हणतात तसं आणखी काही मिळालं तर बरंच आहे. प्रश्न एवढाच की त्या एका रकान्यासाठी आठ-नऊ लाख द्यायचे, की नोकरी चालू ठेवून पार्टटाइम किंवा एक्झिक्युटिव्ह करायचं? ते त्या रकान्यात चालतं का, हे कुणी एचआरवालं सांगेल का प्लीज?

वर्षा_परभणी

मी एचआरवाली (अखेर!). आमच्याकडे चालतं, मान्यता असलेल्या विद्यापीठाचं हवं. पण दर कंपनीचं वेगळं. तुमच्या एचआरला तोंडी नको विचारू, मेल कर आणि उत्तर मेलवर घे. त्या उत्तराची प्रिंट काढून ठेव.

आणंदकर

वर्षाला अनुमोदन. आणि पार्टटाइम केलंस तर रोज दिवसा जे बघतेस ते संध्याकाळी वर्गात घेऊन जा, मास्तरांना भंडावून सोड.

लेजरबहाद्दर

मुली, हस्ताक्षर चांगलं असेल तर माझ्याकडे पण जागा आहे.

शिरोलीकर

आता मी लिहितोय. तिनं एचआरला मेल टाकलाय, अजून उत्तर नाही. ऑप्शन फॉर्म अर्धा भरून ठेवलाय. आणि आत्ताच बघितलं, सीईटी सेलनं मुदत सोमवारपर्यंत वाढवली.

चहाबाज

म्हणजे धागा पण सोमवारपर्यंत. मिसळीचं तेवढं सांगा.